मेजरसाहेब आणि डिंकाचा डबा

शनिवार, २ ऑगस्ट. टार्निट.
इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेचं कास्टिंग झालं. महायुद्ध, शत्रूने बळकावलेलं गाव, गावात भूमिगत टोळी, आणि ती शोधून काढणारा शत्रूचा मेजर. मेजर मी! दिग्दर्शिका मंजिरीताई म्हणाल्या, सगळ्यात अवघड रोल. म्हणूनच मला दिला असणार.

शैलेंद्र गावातला बेकरीवाला. आवाज चांगला आहे म्हणे. माइकवर सगळ्यांचाच चांगला येतो. माझी बायको लीना मेजरच्या घरची स्वयंपाकीण. किरकोळ रोल, पण तालमी शैलेंद्रच्या गॅरेजमध्ये, त्याच्याबरोबर. माझी तालीम वेगळी, झूमवर. कारण टोळीचा म्होरक्या कोण, हे मला सांगायचं नाही. प्रयोगात मी खरोखर ओळखून अटक करायची. शैलेंद्रच असणार, सांगायला कशाला हवं? पण पुरावा हवा.

संकल्प: रोज प्रतिहेरगिरीचा अभ्यास.

मंगळवार, ५ ऑगस्ट
व्यापलेल्या मुलखातल्या भूमिगत टोळ्या कशा फोडत, यावर भारी पॉडकास्ट मिळाला. ट्रेनमध्ये, गाडीत, भांडी लावताना ऐकतोय. नियम पहिला: बारीकसारीक गोष्टही निसटू द्यायची नाही. गाडीत लीना बराच वेळ काहीतरी सांगत होती. मान डोलावली.

मंडळाच्या ग्रुपवर शैलेंद्रच्या अभिनंदनाचा पाऊस. ढीगभर फुलं, फुगे. अरे, एका बेकरीवाल्याच्या रोलचं एवढं कौतुक? माझं कोणी केलं? ग्रुप म्यूट केला.

शनिवार, ९ ऑगस्ट
तालीम अचानक शैलेंद्रच्या गॅरेजमधून मंडळातल्या मुरलीधरच्या घरी हलवली. नियम: सुगावा लागला की टोळी जागा बदलते.

शैलेंद्र इंडियन ग्रोसरीत दिसला. डोळे लाल, दाढी वाढलेली, शर्टावर खांद्याशी पांढरा डाग, हातात बाळंतशेपांचं पाकीट. मला म्हणाला, झोपच नाही रे मेट. रात्री हा माणूस कुठे असतो? आणि एवढा अवतार होऊनही चेहऱ्यावर आनंद का? माझ्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

बुधवार, १३ ऑगस्ट
लीना घरातल्या लाँड्रीच्या खोलीत हळू आवाजात फोनवर. दारामागून ऐकलं. झोपला का, असं विचारत होती. मग, उठला की फोन कर. मी तर जागा होतो! म्हणजे माझ्याबद्दल बोलताना त्यांची काहीतरी सांकेतिक भाषा आहे.

लेकीला, मैथिलीला, बबल टी पाजून फोडायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, डॅड, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क मम? चहा मात्र पूर्ण प्यायली. विचारायचं? मेजर विचारत नसतो, शोधतो.

सोमवार, १८ ऑगस्ट
हद्द झाली. सकाळी लीनाने माझ्याच हातात डबा दिला आणि म्हणाली, स्टेशनला जाताना शैलेंद्रकडे दे. पुढे आणखीही काहीतरी म्हणाली, पण पॉडकास्ट ऐन रंगात होता. नवऱ्याच्याच हातून! धाडस बघा.

नियम: निरोप्याला अडवायचं नाही, माल पुढे जाऊ द्यायचा. पण मी माणूस आहे. स्टेशनच्या कार पार्कात डबा उघडला. डिंकाचे लाडू. खारीक, अळीव, साजूक तूप, जायफळ. ताकदीचं खाणं! मला हे शेवटचं मिळालं ते मैथिली झाली तेव्हा, लीनाच्या डब्यातून चोरून.

आत चिठ्ठी असणार म्हणून एकेक लाडू फोडला. चिठ्ठी नव्हती. फोडलेले लाडू देणार कसे? खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं, रागाने आणि थोडं चवीने.

ऑफिसात डबा घासून संध्याकाळी घरी ओट्यावर ठेवला, जणू तिकडूनच परत आलाय. पुरावा शिल्लक नाही. लीना डब्यात बघतच राहिली. सुखदाने डबा रिकामा पाठवला का, असं विचारलं. सुखदा म्हणजे शैलेंद्रची बायको. तिचं नाव मध्ये घालून विषय बदलण्याची जुनी युक्ती. मी हो म्हणालो. लीनाचा चेहरा पडला. बरोब्बर वर्मावर बोट!

शनिवार, ३० ऑगस्ट
प्रयोग.

उलटतपासणीत शैलेंद्रला अटक केली. मंजिरीताईंच्या संहितेत नसलेले प्रश्नही विचारले. रात्री का झोपत नाहीस? झोपला का, असा फोन तुला कोण करतं? लाडू कोणासाठी जातात?

हॉल हसायला लागला. शैलेंद्र हात जोडून म्हणाला, मेजरसाहेब, घरी बाळंतीण आहे, पोरगा रात्रभर रडतो. टाळ्या. पहिल्या रांगेतून कोणीतरी माझ्याकडे बघून ओरडलं, अरे यतिन, बारशाला यायचंय ना!

मी घामाने थबथबलो. तेवढ्यात स्वयंपाकीण पुढे आली, माझ्याच कमरेचं पिस्तूल काढून माझ्यावर रोखलं, आणि म्हणाली, म्होरकी मी. रोज तुम्हाला वाढत होते. तुम्ही ताटातून वर बघितलंच नाहीत.

पूर्ण हॉल उभा राहिला. मुख्य रोल लीनाचा होता. मी सोडून सगळ्या टार्निटला माहीत होतं.

रविवार, ३१ ऑगस्ट
सुखदाच्या आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. म्हणून मंडळातल्या घरांतून आळीपाळीने डबे जात होते. हे मला गाडीत सांगितलं होतं म्हणे.

डबा रिकामा आला तेव्हाच लीनाला कळलं. सुखदा कोणाचा डबा रिकामा पाठवत नाही, काही नसलं तर चमचाभर साखर घालते. लीनाने तिला फोन केला, तर डबा पोचलाच नव्हता. तेव्हापासून ती वाट बघत होती, मी आपणहून काही बोलतोय का.

मग तिने एकच विचारलं. मी आणि शैलेंद्र, असं तुला खरंच वाटलं? हसली नाही. मी प्रतिहेरगिरीचे नियम सांगायला लागलो. ती उठून डिंक काढायला गेली.

लाडू मी केले. डिंक तुपात फुलताना उडतो. हातावर फोड आलाय. लीनाने दुखतंय का विचारलं. आधी नाही म्हणालो, मग हो.

दुपारी डबा पोचवला. सुखदाने तो धुऊन, साखर घालून परत दिला. घरी आल्यावर लीनाने झाकण उघडून आत बघितलं. साखर सगळी आली का, असं विचारलं. आली, म्हणालो.

तरी तिने मला जवळ बोलावून माझ्या मिशा तपासल्या.