डब्यात पडलेला दुसरा कागद

प्रिय ताईस,

धाकटीचा सप्रेम सलाम. डॉक्टरांनी सांगितलेलं दूध तू वेळेवर घेत असशील असं धरून चालते. (घेत नाहीस. भाऊजींनी कळवलंय.) इकडे हे ठणठणीत आहेत आणि मी त्यांना सहन करते आहे. फोनवर हे शेजारीच कान देऊन बसतात, म्हणून पत्र.

पुढच्या महिन्यात तुझ्या हृदयाचं ऑपरेशन. तोवर रोज सकाळी सहा ते साडेसहा तुझ्यासाठी प्रार्थना करीन, असा शब्द मी तुला दिला होता. अकरा दिवस झाले, एकही प्रार्थना धड पुरी झालेली नाही आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही. तीस वर्षं साठ-साठ पोरींचे वर्ग मी चिडीचूप बसवले; स्वतःच्या घरात मला अर्धा तास मिळू नये? मी गुडघे टेकले रे टेकले की वरच्या मजल्यावरचा शिंपी मशीन सुरू करतो. तो थांबला की ह्यांचा चष्मा हरवतो. ("तुझं चालू दे, मी आपलं नुसतं विचारतोय," असं दारातून म्हणतात. देवाशी बोलत बसलेल्या बाईला चष्मा विचारायचा?) हे गेले की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, आणि पुढचा थेंब कधी पडतो याची वाट बघण्यात 'हे स्वर्गीय पित्या'च्या पुढे गाडी सरकत नाही.

शेवटी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. (वयाने माझ्या विद्यार्थिनींहून लहान, पण साहेब म्हणावं लागतं.) ते म्हणाले, शेजारी कागद ठेवा, मनात जे घुसेल ते लिहून मोकळ्या व्हा आणि पुन्हा प्रार्थनेला लागा. उपाय पोरकट वाटला, तरी केला. शुक्रवारपर्यंत कागद पाठपोट भरला.

शुक्रवारी आमची स्त्रियांची प्रार्थनासभा असते. प्रत्येकीने आपल्या विनंतीची चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि अध्यक्षाबाईंनी ती वाचून सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करायची, अशी रीत. (बाईंचा आवाज असा की आपसांत आम्ही त्यांना भोंगा म्हणतो. त्यांना माहीत नाही.) तुझ्यासाठी मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून नेली होती. ती पर्समध्येच राहिली आणि डब्यात पडला तो दुसरा कागद.

ताई, चोवीस बायकांनी डोळे मिटून माझ्या नळासाठी प्रार्थना केली. शिंप्याच्या मशीनचं नाव निघताच त्याच्या धंद्याला बरकत मागितली गेली. तेवढंच राहिलं होतं. चष्म्यावरून तर "आमच्या या भावाला दृष्टी दे" म्हणून एक-दोघी रडल्या. पुढची ओळ होती, 'शुक्रवारी भोंगा पुन्हा दीड तास वाजणार.' अध्यक्षाबाई गहिवरून म्हणाल्या, "प्रभू, हा भोंगा जिथे कुठे वाजत असेल, तिथल्या गांजलेल्यांना सहनशक्ती दे." इतकं मनापासून 'आमेन' आमच्या सभेत कधी झालं नव्हतं. बाकं हलत होती. मी तिथेच उभं राहून सांगायला हवं होतं, चिठ्ठी चुकली, माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे.

तो कागद घेऊन तशीच पाळकांकडे गेले आणि त्यांना जाब विचारला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाले, "बाई, यात सगळे आहेत. तुमच्या ताई कुठेच नाहीत." मी म्हटलं, कशा असतील? ताई म्हणजे प्रार्थना, बाकीचा व्यत्यय, एवढंही कळत नाही? त्यावर त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात ठेवला. हल्ली या मुलांना शिकवतात तरी काय?

भाऊजींना नमस्कार. दूध पी.

तुझी,
धाकटी

ता. क. कागद घरी येऊन पुन्हा वाचला. पाळकांचं म्हणणं बरोबर आहे. हे त्यांना मी कळवणार नाही. तुझं नाव घ्यायची वेळ आली की मीच उठते. चष्मासुद्धा दोनदा मीच आपणहून शोधून दिला. तेव्हा पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला तू मला फोन कर आणि तुझ्यासाठीची प्रार्थना तूच म्हण. मी आमेन म्हणेन. तेवढं मला जमेल.

ता. ता. क. ऑपरेशन झाल्यावरही फोन तूच करायचा आहेस. ही विनंती नाही.