एक नंबरची कॅसेट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच ‘जेवलास का’ विचारलं असतंस आणि मुद्दा राहून गेला असता, म्हणून लिहायला बसलो.

परवा दुकानात एक गृहस्थ चष्मा करायला आले. मी मागच्या खोलीत काचा घासत होतो. पुढून हाक आली की गिऱ्हाइकाला जवळचं आणि लांबचं एकाच काचेत हवंय, फ्रेम लहान आहे, बसेल का बघून जा. बाहेर येतो तर काउंटरवर बोटांनी ताल धरून बसलेला माणूस म्हणजे आपल्या बँडचा ड्रमर! केस गेलेत, पोट आलंय, पण ती बोटं मी कुठेही ओळखीन. माझ्या हातून फ्रेमच पडली. त्यानं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, मोज्यात रेकॉर्डर लपवून दर कार्यक्रमाला पुढे उभा राहणारा तो मीच ना. म्हणजे ताई, त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! सव्वीस वर्षं मी स्वतःला चोर समजत आलो आणि ते स्टेजवरून मजा बघत होते.

गिटारवाल्याचा हात गेल्यापासून, दोन वर्षं झाली, बँड बंदच आहे. आता त्यांना प्रत्यक्ष कार्यक्रमांचा एक संच काढायचा आहे, पण त्यांच्यापाशी स्वतःचं काही म्हणजे काही उरलेलं नाही. तळघरात पाणी शिरलं आणि टेप, फोटो, पोस्टर, सगळ्याचा लगदा झाला. माझ्याकडे तीनशे बारा कॅसेट आहेत म्हटल्यावर तो माणूस खुर्चीत बसला तो उठेचना.

तेव्हा मी बारा दिवसांची रजा टाकलीय. कपाटावरची बुटांची खोकी खाली आलीत. गाण्यांच्या क्रमाचे चिटोरे, तिकिटांचे तुकडे, तुटलेली ड्रमची काडी, पाकिटात गुंडाळून ठेवलेली गिटारची तार, सगळं पलंगावर पसरलंय. आमच्या बाईसाहेब म्हणतात की त्यांना झोपण्यापुरता एक कार्यक्रम बाजूला सरकवून मिळाला तर बरं होईल. कॅसेट जुन्या, कुणाची आतली गादी निखळलेली, कुणाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं डेकच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवला की आवाज एकदम लख्ख होतो. मी आनंदानं ओरडतो आणि शेजारी भिंत ठोकतात.

आता खरं काम. ड्रमरनं एका कार्यक्रमाबद्दल मुद्दाम विचारलं. जलतरण क्लबच्या हॉलमधला, अगदी पहिला, ज्यात दोन गायिका होत्या. तो दुसऱ्या कुणीच रेकॉर्ड केलेला नाही. माझ्या वहीत तीच कॅसेट एक नंबरची आहे. तू तेव्हा ती कधीच लावू नकोस म्हणाली होतीस, मी आजवर लावलेली नाही. लावू का?

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.

तुझा
भोपू

—

१२ फेब्रुवारी

चि. भोपूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ड्रमर खुर्चीतून उठेना तिथे हे इतके हसले की चहा सांडला. मला मात्र भरून आलं. सगळे तुला वेडा म्हणायचे, मीही म्हणायचे. आता त्या वेड्याच्या दारात ते आले आहेत. भरपूर मिरव.

पण पलंग मोकळा कर. तुझी बायको सहनशील आहे, ती संपेपर्यंत वाट बघू नकोस. आणि वाकून बसू नकोस, कंबर तुझी आपल्या बाबांच्या वळणावर गेलीय.

माझं नेहमीचंच चाललंय. प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलंय. रक्ताच्या पन्नास नळ्या एकदम फिरवतं, आणि मधेच रुसून बसतं. मग सगळे माझ्याकडे बघतात, जणू मीच त्याची आई.

एक नंबरचं विचारलंस. नको.

तू पंधरा वर्षांचा होतास, तुला किती आठवतंय कोण जाणे. मला सगळं आठवतं. दुसरं गाणं, वरची जागा, माझा आवाज फाटला. आणि हॉल हसला. मी गाणं अर्धवट टाकून पळाले, मागच्या दारानं, कुणाचं तरी जाकीट अंगावर घालून, थेट बसमध्ये. माझी मैत्रीण पुढे बँडची गायिका झाली, छान झालं, ती होतीच त्या तोडीची. मी त्यानंतर भांडी घासतानासुद्धा गुणगुणलेले नाही. हे काही रडगाणं नाही, एक दार बंद केलं आणि बाकीच्या घरात सुखानं राहिले, एवढंच. ते दार तू उघडू नकोस. तीनशे अकरा दे त्यांना, पुष्कळ झालं.

बाईसाहेबांना आशीर्वाद. तुझ्यावर माया आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझी
ताई

—

१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. तू म्हणतेस तेच बरोबर, एक नंबरचा विषय संपला.

इथे सगळं ठीक. म्हणजे रजा संपली. काल एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालक माझ्यापुढचा दिवा उगाच सरळ करून गेले. हात थांबत नाहीत आणि काम पुढेही सरकत नाही. एक कॅसेट लावतो, अर्ध्यात काढतो, दुसरी लावतो. सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास हेच चालतं. वहीत नोंदी करायच्या राहतात. मधेच उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो आणि कशासाठी गेलो होतो ते आठवत नाही.

ड्रमर आला होता. एक नंबरची अडकलीय, चालत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की त्याच्या ओळखीत एक कारागीर आहे, कसलीही अडकलेली टेप सोडवतो. मी विषय बदलला.

एक विचारू? त्या दिवशी हॉलमध्ये पुढच्या रांगेत कोण कोण होतं, तुला आठवतं का? अगदी पुढे, तुझ्या समोर?

सहज विचारतोय. राग मानू नकोस.

भोपू

—

९ मार्च

चि. भोपूस,
अ. उ. आ.

सहज म्हणून तू आजवर काही विचारलेलं नाहीस. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही सहजच विचारायला आला होतास की काच कशानं चिकटते.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती घाबरलीय. ती म्हणाली की तू शर्टाच्या खिशात एक कॅसेट घालून कामावर जातोस आणि तीच घेऊन परत येतोस. जेवताना खिशावर हात असतो. आणि परवा तू ड्रमरला सांगून टाकलंस की तू त्यांना काहीच देणार नाहीस, एकही कॅसेट नाही. तो बिचारा जिन्यात उभा राहिला आणि तू आतून कडी घातलीस.

हे काय चालवलंयस? मी एका गाण्याला नाही म्हटलं. तू सव्वीस वर्षांच्या कामाला नाही म्हणतोयस. माझ्यासाठी करत असशील तर असलं माझ्या माथी मारू नकोस. आणि माझ्यासाठी करत नसशील, तर कशासाठी करतोयस?

पुढच्या रांगेत कोण होतं ते मला आठवत नाही. डोळ्यांवर दिवे होते. नुसतं हसू आठवतं, अगदी जवळून आलेलं.

तू ऐकलीस ना ती? खरं काय ते लिही. भोपू, मी तुझी मोठी बहीण आहे, पोलीस नाही.

ताई

—

१४ मार्च

ती. ताईस,

हो, ऐकली.

तुझं ‘नको’ आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. तपासण्यापुरती लावतो, असं स्वतःला सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडला, पण ती त्यातल्या त्यात लहान गोष्ट आहे.

हसणारा मी होतो, ताई.

रेकॉर्डर माझ्या मांडीवर होता, त्यामुळे सगळ्यात जवळचा आवाज माझाच आहे. तुझा आवाज फाटतो, आणि लगेच हे हसू, मोठं, भसाडं, घोगरं. कुणीही सांगेल की पंधरा वर्षांचा मुलगा आहे. मग मागे आणखी चार-पाच जण हसतात. आधी मी हसतो, मग ते. मी अकरा वेळा ऐकलं, कुणी माझ्या आधी हसलंय का म्हणून. नाही.

मला हे आठवत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मी तुझ्या बाजूनं चिडलो होतो, एवढंच आठवत होतं. आता थोडं थोडं परत येतंय. त्या वर्षी माझा आवाज फुटत होता. वर्गात मी वाचायला उभा राहिलो की सगळे खिदळायचे. तुझा आवाज फाटला तेव्हा माझ्या शेजारी त्यातलेच दोघं बसले होते, आणि ते आता माझ्याकडे बघणार असं वाटलं. म्हणून मी आधी हसून घेतलं. हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाहीये.

तू गाणं सोडलंस ते माझ्यामुळे. आणि मी मोजे, मांडी, जाकीट, जिथे जमेल तिथे रेकॉर्डर लपवत त्याच बँडच्या मागे फिरलो, जणू काही जपतोय.

कॅसेट सोबत पाठवतोय. मी तिची प्रत काढलेली नाही. जगात ही एवढीच आहे. मोडायची तर मोड, जाळायची तर जाळ, मी कधी विचारणार नाही. बाकीच्याही त्यांना देण्याचं मला धैर्य नाही. त्यांनी आभार मानले तर मी कुठे बघू?

क्षमा माग असं तू म्हणणार नाहीस, म्हणून मीच मागतो.

तुझा भाऊ

—

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पार्सल पोचलं की नाही एवढंच कळव. पोस्टात दोनदा चौकशी केली, ते म्हणतात पोचलं. तीन वेळा फोन उचलला आणि ठेवला. भावोजींना विचारायचा धीर होत नाही. एका ओळीचं पत्र चालेल. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

भोपू

—

११ एप्रिल

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

पोचलं होतं, दुसऱ्याच आठवड्यात. प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यामागे ठेवलं होतं. रोज हातमोजे काढताना हाताला लागायचं. एकदा कचऱ्याच्या लाल पिशवीपर्यंत नेलं आणि परत आणलं. तुला कळवलं नाही, कारण मला तुझा राग आला होता आणि तो पत्रात मावत नव्हता.

गेल्या शनिवारी दुपारी कामावरून निघाले. ह्यांच्या जुन्या गाडीत अजून कॅसेट लावायची सोय आहे. वाहनतळावर गाडी उभी ठेवली, काचा वर केल्या आणि लावली.

तू आहेस त्यात, शंकाच नाही. आपल्या घरातलं ते हसू मी हजारांत ओळखीन. सव्वीस वर्षं ज्याला मी ‘हॉल’ म्हणत होते, तो माझ्या मांडीवर वाढलेला मुलगा होता. हे मला आवडलेलं नाही. लगेच आवडेल असंही नाही. तू क्षमा मागितलीस, मी ती ठेवून घेतलीय. द्यायची तेव्हा देईन.

पण अरे मूर्खा, तू अकरा वेळा ऐकलंस आणि काय ऐकलंस? स्वतःचं हसू! तिथेच थांबवून परत मागे नेत होतास ना? पुढे ऐकलंच नाहीस?

हसू होतं. माझी मैत्रीण गायची थांबते. गिटार एकटीच चार मात्रा चालते, तीसुद्धा चाचरत. मग कुणीतरी गायला लागतं. हळू, अगदी खालून. मला वाटलं, मैत्रीणच आहे. मग पहिला श्वास ऐकला आणि हात स्टिअरिंगवरच राहिले. ती मी होते, भोपू. मी पुढचं कडवं उचललं. एकटीनं. मग ड्रमर येतो, मग मैत्रीण येते, आणि शेवटी तीच वरची जागा पुन्हा येते. ती मी घेते. फाटत नाही. फार सुंदर लागत नाही, जराशी खालीच राहते, पण लागते. लोक टाळ्याही वाजवतात, बेताच्याच.

मी गाणं अर्धवट टाकून पळाले नव्हते. पूर्ण करून पळाले. जाकीट, मागचं दार, बस, ते सगळं त्याच्या नंतरचं. मधला हा तुकडा मी इतकी वर्षं कुठे ठेवला होता? हसू तेवढं जपलं आणि कडवं टाकून दिलं. तुझी वही तरी बरी, तू खोकणाऱ्याचीसुद्धा नोंद ठेवतोस.

घरी आल्यावर ह्यांना गाडीत बसवून ऐकवलं. हे म्हणाले, हा आवाज कुणाचा, घरात तर कधी ऐकला नाही. मी गाडीतून उतरले.

आता पुढचं. ड्रमरचा पत्ता मी तुझ्या बायकोकडून घेतला आणि कॅसेट सोमवारी थेट त्याला पाठवली. तुझ्याकडे परत दिली असती तर तू ती पुन्हा खिशात घालून हिंडला असतास. सोबत दोन ओळी लिहिल्यात: दुसऱ्या गायिकेचं नाव छापा, आणि हसू कापू नका. ज्यानं कुणी ऐकावं त्यानं सगळंच ऐकावं. बाकीच्या तीनशे अकरा तू पोचवायच्या आहेस. त्या देऊन मोकळा होशील असं समजू नकोस. आपल्या दोघांचं ते वेगळं आहे, आणि ते कॅसेटनं मिटणार नाही.

महिनाअखेर चार दिवस इकडे ये. येताना बायकोला आण, ती समोर असली की मी तुझ्यावर जरा कमी ओरडेन. भांडण होईल. मग जेवू.

रागावलेली आहे, तरी तुझीच,
ताई