कडेचा गडी

ग्योतोकु,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
दीप्तीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसती मान डोलावता आणि मग आईला विचारता की पोरगी काय म्हणाली, त्यापेक्षा हे बरं. बर्फाच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरने तुमचे कान नेले, पण त्यापायी मला मराठी लिहायची सवय राहिली. आईचं मेतकूटही पोचलं. रेवाने ते जपानी पद्धतीने नुसत्या भातावर भुरभुरवून खाल्लं आणि मला जपानीतच सांगितलं की आजीला आणखी पाठवायला सांग. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, बापाशी रशियन बोलते. तरी आमचं तिघांचं बरं चाललं आहे.

तिघांचं म्हणायला तो इथे असायला हवा. ग्लेब सप्टेंबरपासून होक्काइदोत आहे, तो मार्च संपेपर्यंत. माझं ऑफिस टोकियोत तोयोसुला, रेवाची शाळा इथे, त्याचा बर्फ तिकडे. संघ टोकियोच्या बाजूला खेळायला आला की एक रात्र घरी येतो, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून रेवाला गोष्ट सांगतो आणि सकाळी जातो. मग आठवडाभर रेवा त्याची उशी घेऊन झोपते. मलाही ती हवी असते, पण पोरीशी भांडणार कसं?

लक्ष्मीकांतकाकांना जावई नेमकं काय करतो ते कसं समजवायचं, असं तुम्ही विचारलंत. त्यांना सांगा, आइस हॉकीत तो विंगर आहे, म्हणजे कडेचा गडी. मधला खेळ रचतो, गोल मारणाऱ्याचं नाव होतं, आणि कडेच्याने मैदानाभोवतीच्या फळीला घासत, धक्के खात ती रबरी चकती आत आणून द्यायची. चार वर्षांचा असताना उरलकडच्या त्याच्या गावात, इमारतींमधल्या अंगणात पाणी ओतून केलेल्या बर्फावर तो पहिल्यांदा उभा राहिला. पोरवयातच घर सोडून क्रीडाशाळेच्या वसतिगृहात गेला. विशीत तिथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये खेळला, पेपरात फोटो आला. मग गुडघा गेला, आणि बरा होऊन परतेपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा होता. पुढे खालची लीग, मग जपान. सप्पोरोत शिकताना मी त्याच्या संघाच्या परदेशी खेळाडूंसाठी दुभाषीचं बाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी करत होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला जपानी वाचता येत नाही आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून संघांची पत्रं, करार, सगळं अजून माझ्याच मेलवर येतं. लग्न झालं तरी दुभाषीची नोकरी काही सुटली नाही.

करार दर वर्षी नवा होतो. तो आता सदतिसाचा आहे, त्यामुळे या मार्चची धास्ती वाटते. बाबा, एका गोष्टीची मला लाज वाटते, ती तुम्हालाच लिहिते. तो करार मिळावा म्हणून मेणबत्ती लावतो, आणि मी देवापुढे उभी राहिले की मिळू नये असं मागते.

आईला नमस्कार. लोभ धरूनच हे वाचावं.

तुमची,
दीप्ती


रत्नागिरी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीप्ती हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने म्हणजे किती ते मला कळत नाही, त्यामुळे ते शेजारी लक्ष्मीकांतनेही ऐकलं. त्याला वेगळं समजवायला नको. शेवटचा परिच्छेद मात्र मनात वाचला.

लक्ष्मीकांत म्हणतो, सासऱ्याने जन्मभर बर्फ केला आणि जावई त्यावर घसरतो, पत्रिका न बघता छत्तीस गुण जुळले. कडेच्या गड्याचं काम त्याला पटलं. तो तरुणपणी कबड्डीत कोपऱ्याला असे, त्यामुळे ग्लेबरावांबद्दल आता त्याला जातभाईसारखी आपुलकी आहे.

देवाकडे तू काय मागतेस त्यावर मी बोलणार नाही. नवरा घरात असावा असं वाटलं तर त्यात लाज कसली? हंगामात मीही रात्रंदिवस कारखान्यावर असे, तेव्हा तुझी आई देवाकडे काय मागत होती ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

तू शेवटची आलीस तेव्हा रेवा बोबडं का होईना, मराठी बोलत होती. तिचा नवा फोटो टीव्हीवर ठेवला आहे, त्यामुळे बातम्या बघताना लक्ष लागत नाही.

आमची आठवण ठेवतेस, ती तशीच ठेव.

तुझे,
बाबा


ग्योतोकु,
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

देवाने माझं ऐकलं. संघाने ग्लेबचा करार वाढवला नाही.

मॅनेजरनी आम्हा दोघांना समोर बसवून, चहा देऊन, फार आदराने सांगितलं. त्यांनी जपानीत सांगायचं आणि मी ते माझ्या नवऱ्याला सांगायचं. इतकी वर्षं भाषांतर केलं, पण असं कधी करावं लागलं नव्हतं. ग्लेब शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने मलाच विचारलं की तू बरी आहेस ना.

आता तो घरी आहे आणि बाबा, मी सुखात आहे. रेवाला सायकलवरून शाळेत सोडतो. कुठल्या दिवशी कुठला कचरा काढायचा ते शेजारणीला विचारून शिकला आहे, आणि मी प्लास्टिक चुकीच्या पिशवीत टाकलं तर मलाच रागावतो. बिटाचं सूप करतो, त्याचा वास जिन्यापर्यंत येतो. संध्याकाळी मी उतरते तेव्हा रेवाला घेऊन स्टेशनबाहेर उभा असतो. बाकीच्या बायका रोज बघतात ते मी आता बघते आहे.

पण स्केट्सची पिशवी त्याने बाल्कनीत ठेवली आहे, ती उघडलेली नाही. आणि सुपरमार्केटात गेलो की गोठवलेल्या मासळीच्या पेटीपाशी तो उगाच थांबतो. काही घेत नाही. रेवाला वाटतं बाबाला मासे आवडतात.

आता खरं सांगते. परवा माझ्या मेलवर पूर्व होक्काइदोतल्या एका छोट्या संघाचं पत्र आलं. त्यांचा एक परदेशी खेळाडू ऐन वेळी गळाला आहे. ग्लेब एक हंगाम येईल का, मे संपेपर्यंत कळवा, असं त्यांनी विचारलं आहे. मी ते वाचलं आणि त्याला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी स्टेशनवरच त्याने विचारलं की माझ्यासाठी काही आलंय का. मी म्हटलं, विजेचं बिल आलंय.

मी गप्प राहिले तर तारीख आपोआप निघून जाईल. कुणाला कधी कळणारही नाही. काय करू ते सांगा. आईला मात्र यातलं काही सांगू नका. ती म्हणेल गप्प बस, आणि मी बसेन.

रागावलात तरी लोभ सोडू नका.

तुमची,
दीप्ती


रत्नागिरी,
५ मे २०२५

चि. सौ. दीप्तीस,
अ. उ. आ.

मी तुझ्या आईला काही सांगितलं नाही. तिने माझ्या उशीखालून पत्र काढून वाचलं, आणि ती म्हणते गप्प बस. हे तिचं मत झालं. आता माझं वाच.

कारखाना बंद होणार हे मला वर्षभर आधी माहीत होतं. मशीन म्हातारं झालं होतं, जेट्टीजवळ नवे कारखाने आले होते. माझी तक्रार नव्हती. मी चिपळूणला भाच्याच्या, सत्यजितच्या, लग्नाला गेलो, आणि मालकांनी नेमक्या त्याच दिवशी वायरमन बोलावून कॉम्प्रेसर बंद केला. मोरेश्वरसमोर नको, त्याला वाईट वाटेल, असं ते माझ्याबद्दल म्हणाले. मी परत आलो तेव्हा टाक्यांतलं एरवी सतत फिरणारं खारं पाणी निपचित पडलं होतं. मला शाल-नारळ दिला, दोन जण चांगलं बोलले. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. पण दीप्ती, बंद करायला माझी ना नव्हती. ते मशीन मला बंद करू द्यायला हवं होतं.

त्यानंतर बरेच महिने मी सकाळी जेट्टीवर जाऊन उभा राहत असे. तुझी आई लोकांना सांगे की मासे आणायला गेलेत. मी रिकामी पिशवी घेऊन परत येई आणि ती काही विचारत नसे. ग्लेबराव त्या मासळीच्या पेटीपाशी का थांबतात, ते मला इथे बसून दिसतं.

म्हणून सांगतो, त्यांना ते पत्र दाखव. ते गेले तर तुझं एक वर्ष जाईल, आणि ते कसं जातं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण आज ते तुझ्यापाशी राहिलेले नाहीत, तू ठेवून घेतलेले आहेत. हे तुला कळतंय, नाहीतर तू मला विचारलं नसतंस.

तुझी आई माझ्याशी अबोला धरून आहे. मला तसंही ऐकू येत नाही हे ती विसरली आहे.

माया आहे तशीच आहे.

तुझे,
बाबा


ग्योतोकु,
८ जून २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तो बीट चिरत होता. मी पत्र वाचून दाखवलं, आणि ते कधी आलं तेही सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि बाल्कनीत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. बऱ्याच वेळाने आत येऊन त्याने विचारलं की तुला काय हवंय. मी म्हटलं की तू इथे हवा आहेस. तो म्हणाला की ते त्याला ठाऊक आहे, आणि पुन्हा बीट चिरायला बसला.

दोन दिवस असेच गेले. मग त्याने मला होकार लिहायला सांगितलं. तो होकार मीच लिहिला बाबा, आदराच्या जपानीत, एकही चूक न करता. मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

ऑगस्टमध्ये तो जाईल. रेवा त्याच्याशी बोलत नाही, पण रात्री त्याच्या पोटावर डोकं ठेवूनच झोपते. बाल्कनीतली पिशवी आता उघडी असते. तो गाणं म्हणत स्केट्सना धार लावतो तेव्हा मला त्याचा रागही येतो आणि तो फार देखणाही दिसतो. तुमचाही मला राग आला आहे. आईला सांगा, तिचंच बरोबर होतं. आठवड्याभराने तुमचंच बरोबर होतं असं वाटेल बहुतेक, पण आज नाही.

राग आणि लोभ दोन्ही घेऊन,
तुमची,
दीप्ती


रत्नागिरी,
१० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. दीप्तीस,
अ. उ. आ.

तू पाठवलेला सामना आम्ही फोनवर पाहिला. लक्ष्मीकांत सोबतीला होता. सगळे शिरस्त्राणातले, त्यात आपला कोणता ते ओळखेपर्यंत संघ हरला. पण एकदा तो फळीला चिकटून, दोघांना अंगावर घेऊन चकती आत ढकलताना दिसला, तेव्हा तुझी आई उठून उभी राहिली. अजून उभं राहवतं का तुला, असं मी तिला विचारलं.

तिचा एक निरोप आहे. मे-जूनमध्ये अधिक महिना येतो आहे. मागच्या अधिकात ग्लेबराव सरावात अडकले होते, त्यामुळे या घराने जावयाला धोंड्याचं वाण अजून दिलेलं नाही. ती आतापासून अनारशाच्या पिठाचं बोलते आहे. पुढच्या हंगामाचं काहीही ठरो, त्या महिन्यात कुठे बर्फ नसेल ना? मग या. रेवा जपानीत बोलली तरी चालेल, मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

पुष्कळ महिने झाले, आता पत्र पुरत नाही.

तुझे,
बाबा

ता. क. पुरणाचे धोंडे करणार आहे. त्याला गोड चालतं ना ते कळव. - आई


ग्योतोकु,
१२ एप्रिल २०२६

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही येतो आहोत. अधिक लागला की लगेच निघू. तिकिटं काढली. आईला सांगा, त्याला गोड चालतं, नको इतकं चालतं.

हंगाम संपला. त्यांचा संघ तळाशीच राहिला, पण ग्लेब एकही सामना न चुकवता खेळला. हिवाळा कसा गेला ते लिहीत नाही. रेवाने उशी घेतली, मी त्याचा स्वेटर घेतला, एवढंच.

गेल्या आठवड्यात तिथल्या मॅनेजरच्या बायकोचा फोन आला. तिने आधी आभार मानले, मग म्हणाली की ग्लेब-सानने पुढच्या हंगामाला नकार दिला याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं. मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे पत्रच आलं नव्हतं. मग हळूहळू कळलं. संघाने त्याला आणखी एक वर्ष देऊ केलं होतं, आणि त्यानेच त्यांना सांगितलं होतं की हे दीप्तीला कळवू नका. नकार त्याने स्वतः, हातवारे करत, मोडक्या जपानीत दिला. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर बर्फ सारखा करायचं यंत्र त्याने मागून घेतलं, आणि अख्खं मैदान सावकाश, कडेकडेने, स्वतः सारखं केलं. मग वाकून नमस्कार केला आणि दिवे मालवायला सांगितले. हे सांगताना ती रडत होती, आणि मी तोयोसुच्या ऑफिसात जिन्यावर उभी राहून ऐकत होते.

त्याला अजून खेळायचं होतं, बाबा. हे मला ठाऊक आहे, आणि जन्मभर ठाऊक राहील. तुम्ही त्याच्यापुढे यातलं काही बोलू नका. लक्ष्मीकांतकाकांनाही कळू देऊ नका. हे पत्र मोठ्याने वाचू नका.

काल तो आला. मी आणि रेवा स्टेशनबाहेर उभ्या होतो. त्याने रेवाला खांद्यावर घेतलं आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाला की यंदा कुणी विचारलंच नाही. मी त्याच्या हातातली एक पिशवी घेतली आणि म्हटलं की म्हाताऱ्याला कोण विचारणार, चल, भात निवतोय.

लोभ आता समोर बसून करावा.

तुमची,
दीप्ती