फळीवरचा हंस

१ सप्टेंबर, सकाळ
टण्ण. मग टक, टक. कवितेचे मास्तर वर्गाच्या कोपऱ्यातल्या माठावर बोटांनी ताल धरायचे, तो आवाज आज पहाटे कानात आला. आयुष्य सरलं, पण तो माठ काही मनातून फुटला नाही. निवृत्तीनंतर मी मातीकडे वळलो तो त्याच्यामुळेच. ऑनलाइन परिचयात हे लिहायचं.

आजपासून माझी भांडी ऑनलाइन विकणार. नात कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला येतेय. तिला मागची खोली हवी, आणि त्या खोलीत माझी विजेची भट्टी आहे. हिने अट घातली: महिनाअखेरपर्यंत एका तरी अनोळखी माणसाने तुमचं एक तरी भांडं मागून न्यावं, मग भट्टी राहील, पोरीला हॉलमध्ये झोपवू. नाहीतर भट्टी जाईल. मी विचारलं, फक्त एक? ही म्हणाली, एक. मला हसूच आलं.

२ सप्टेंबर
मातीकाम करणाऱ्यांच्या ग्रुपात दाखल. नाव घेतलं 'मातीचा कवी'. पहिला फोटो निळ्या कपाचा. खाली स्वरचित:
ओतिला मी प्राण येथे, मृत्तिकेचा मान आहे,
घे चहा, पण घे जपूनी, सैल त्याचा कान आहे.
ही म्हणाली, दुसरी ओळ कशाला सांगायची. मी म्हटलं, कवीने खोटं बोलू नये.

३ सप्टेंबर
तीन लाइक. एक माझा. एकाने विचारलं, कप गळतो का. अशा अरसिकांना उत्तर द्यायचं नाही. शिवाय थोडा गळतो.

७ सप्टेंबर
'चाकावरची' नावाच्या बाईंचा मेसेज. त्यांचं पोट याच धंद्यावर आहे, भांडी हातोहात जातात. म्हणाल्या, काका, कविता झकास, पण कपात चहा किती मावतो तेही लिहा. आणि टिचकी मारून आवाजाचा व्हिडिओ टाका. तडा नसेल तर खणखणीत वाजतो, गिऱ्हाईक तेच ऐकतं.
टिचकी मारली. थप्प. दुसऱ्या कपाला मारली. थप्प. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, दार कोण वाजवतंय?
व्हिडिओखाली लिहिलं, 'गंभीर नाद'.

१२ सप्टेंबर
नवीन माल करायचा ठरवला होता. वेळच नाही. लोगो, फोटोमागचा पडदा (जेवणाच्या टेबलावरचा कपडा, हिला सांगितलेलं नाही), शिवाय लोकांच्या पोस्टवर अभिप्राय द्यायचे. भट्टी महिनाभर लावलेली नाही. तिच्यावर पार्सलचे रिकामे खोके रचलेत. मागणी आली की धावपळ नको.

१५ सप्टेंबर
मागणी आली! माझ्या चुलतभावाची. ही म्हणाली, चुलतभाऊ अनोळखी नाही. मी म्हटलं, अगं, आमचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. ही म्हणाली, तरीसुद्धा नाही.
संध्याकाळी त्याचाच मेसेज: दादा, कप फुकट ना?

१९ सप्टेंबर
घरात बदल जाणवतोय. हिने आज भट्टीवरचे खोके उतरवले. भट्टी बाहेरून पुसली, आतली फळीसुद्धा पुसली. उशिरा का होईना, कलेची कदर झाली. फळीवर ग्लेझचा, म्हणजे भांड्यांना चकाकी देणाऱ्या लेपाचा, निळा ओघळ आहे, मागे एक फुलदाणी वितळली होती तेव्हाचा. ही म्हणाली, हे बदक काही निघत नाही. मी म्हटलं, तो हंस आहे. म्हणाली, मान आखूड आहे. मी म्हटलं, वळवलेली आहे.
मग विचारते, सावली न पडता फोटो कसा काढायचा हो? तासभर शिकवलं. खिडकी बाजूला ठेव, फ्लॅश नको. शिष्या हुशार आहे.

२१ सप्टेंबर
ग्रुपात कोणा 'रिकामी खोली'ने भट्टी विकायला काढलीय. काय काव्यमय नाव! कवितेला एवढंच पुरतं. मजकूर मात्र रुक्ष: 'कमी वापरलेली. उजवीकडे पोचा. दाराची कडी सैल. फळीवर निळा डाग, बदकासारखा.'
आमच्याही भट्टीला उजवीकडेच पोचा आहे. कारखान्यातूनच येत असावा. मागची भिंतही आमच्यासारखीच पिस्ता रंगाची. हल्ली जो तो हाच रंग काढतो. पण त्यांच्याकडे बदक, माझ्याकडे हंस. फरक असतो माणसामाणसांत.
फोटो उत्तम. कोणीतरी जाणकाराने शिकवलेलं दिसतंय.

२२ सप्टेंबर
चाकावरची विचारत होत्या, काका, तुमचीही अशीच आहे ना? घेऊ का? त्यांची भट्टी बंद पडलीय, ऑर्डरी अडकल्यात, गिऱ्हाइकं ओरडतायत. मी सर्वांसमक्ष लिहिलं: 'निःशंक घ्या. भट्टी सोन्यासारखी आहे. मालकाला तिचं मोल कळलेलं नाही, एवढंच. अशा माणसाच्या घरातून ती जितकी लवकर सुटेल तितकं बरं.'
लाइकचा पाऊस. एक तर खुद्द 'रिकामी खोली'चा, लाल बदामासकट. ग्रुपात आता माझ्या शब्दाला वजन आलंय.
त्या बिचाऱ्या मालकाचं वाईट वाटलं. हाती कला नसली की असं होतं.

२९ सप्टेंबर
एकही भांडं गेलेलं नाही. घाबरायचं कारण नाही. उद्या लाइव्ह विक्री. प्रत्येक कपाला एक कविता. हिला म्हटलं, उद्या बघच. ही म्हणाली, उद्या घरीच आहात ना? बरं झालं, उचलायला माणूस लागेल. कप उचलायला असावं.

३० सप्टेंबर, सकाळी
लाइव्हला दोन प्रेक्षक. एक ही, स्वयंपाकघरातून. दुसरा चुलतभाऊ. दुसऱ्या कडव्याला तोही गेला.
तेवढ्यात बेल.

तीच तारीख, दुपारी
दारात एक अनोळखी बाई. नखांत माती. मागे टेंपो, दोन हमाल. माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही? मी चाकावरची.
माझे कप न्यायला टेंपो! आत नेलं, मांडणी दाखवली. त्यांनी भिडेखातर दोन कपांना टिचकी मारली. थप्प. थप्प. छान आहेत म्हणाल्या, पण नजर आत काहीतरी शोधत होती. आतून हिचा आवाज आला, आलात का? या, मागच्या खोलीत आहे.
बाईंनी विचारलं, रिकामी खोली? ही म्हणाली, मीच.
हमालांनी भट्टीचं दार उघडून पाहिलं. फळीवर बदक होतं.
बाई हळूच म्हणाल्या, काका, तुमच्या शब्दावर न बघता पैसे पाठवले मी. पण तुमचं मन नसेल तर राहू दे. ऑर्डरींचं बघते काहीतरी. ही माझ्याकडे बघत होती. मान खाली घालून मी म्हटलं, निःशंक घ्या. आणि पोच्याकडची बाजू मीच धरली.
टेंपोत भट्टीचं दार सारखं उघडत होतं. सैल कडी. बाई म्हणाल्या, मध्ये अडकवायला एखादा कप मिळेल का? निळा दिला. अगदी फिट्ट बसला. कान माझ्या हातात राहिला.

संध्याकाळी
आत्ता लक्षात आलं. बाई अनोळखी. कप त्यांनी स्वतःहून मागितला, आणि नेला. तोही महिना संपायच्या आत. अट पुरी झाली!
हिला जाऊन सांगितलं. ही नातीच्या गादीवर चादर घालत होती. म्हणाली, बरं बाई, जिंकलात. ठेवा भट्टी.