अप्पांनी दाबलेलं उत्तर

सोलापूर,
९ मार्च २०२५

चि. बसू,

तुला आणि ऋतुजाला आशीर्वाद. जेऊरला ऊन तापायला लागलं असेल. धरणाचं पाणी मागे सरलं की तुझ्या दुकानात दुरुस्तीला पाण्याच्या मोटारींची रांग लागते, म्हणजे वेळेवर जेवतोस की नाही कोण जाणे. इथे अव्वाचं बरं आहे. गुडघे दुखतात, तरी खाली बसूनच भाकरी थापते. सांगितलं तर ऐकत नाही. माझा कॉम्प्युटरचा क्लास चालू आहे. परवा नव्या बॅचला पहिला प्रोग्रॅम दिला. नाव विचारायचं, वय विचारायचं, आणि वयाच्या जागी कुणी अक्षरात ‘वीस’ लिहिलं तर बंद न पडता परत विचारायचं. अर्ध्या पोरांचा बंद पडला.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे. फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच.

अप्पांच्या मातीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर विचारलंस, "अक्का, अप्पांनी माझं नाव काढलं का गं?"

मी म्हणाले, "काढत होते की. सारखं."

आणि तू म्हणालास, "मग मी येऊ का म्हणून फोन केला तवा थांब का म्हणलीस?"

तू पाणीसुद्धा न पिता निघून गेलास.

बसू, अप्पांची वाचाच गेली होती. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते नाव कसं काढतील? एवढी साधी गोष्टही तुझ्या लक्षात आली नाही, इतकं तुला ते ऐकायचं होतं.

झालं ते असं. पहिल्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मान हलवायचे, पण ती हो म्हणून हलवतात की नाही म्हणून, तेच कळायचं नाही. अव्वा पाणी पाजायला जायची, ते तोंड फिरवायचे, मग चिडून रडायचे. आपले अप्पा, रडायचे. वाचायला मात्र येत होतं. पेपर समोर धरला की नजर ओळीवरून सरकायची. म्हणून मी क्लासातला जुना लॅपटॉप घरी आणला आणि पोरांना शिकवते तसलाच साधा प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात प्रश्न, खाली ‘१ होय, २ नाही’.

डाव्या हाताचं बोट थरथरायचं. एका ‘१’ऐवजी तीन ‘१’ पडायचे, नाहीतर शेजारचं भलतंच अक्षर. सुरुवातीला प्रोग्रॅम कोलमडायचाच. मग एक किंवा दोन सोडून काहीही आलं तर ‘कळलं नाही अप्पा, परत दाबा’ असं दिसेल अशी सोय केली. ते वाचून अप्पा अर्ध्या तोंडाने हसले होते. पंखा, चहा, कूस बदलणं, सगळ्याला उत्तरं द्यायला लागले. चादरींच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगायचे तशी, ठाम.

तुझा फोन आला त्या दुपारी मी त्यात नवा प्रश्न घातला. ‘बसूला बोलवू का?’

अप्पांनी दोन दाबलं.

बोट घसरलं असेल म्हणून परत विचारलं. परत दोन. मी लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर ठेवून प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. कुठे ‘होय’चं ‘नाही’ तर झालेलं नाही ना? स्वतःची चूक सापडावी म्हणून मी एवढी कधी धडपडले नव्हते. चूक नव्हती. मग मी पर्यायच उलटे केले. १ नाही, २ होय. सवयीने दोन दाबत असतील तर आता होय येईल, असं वाटलं. अप्पा स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. बोट दोनवर नेलं, थांबले, आणि मग सावकाश एकवर आणून दाबलं.

अव्वाला सांगितलं तर, आईच ती, माझ्यावरच उखडली. "तुला इचारायला कुणी सांगितलं होतं? पोराला बोलवायचं असतंय, इचारायचं नसतंय."

मी म्हणाले, "उत्तर मानायचं नसेल तर विचारायचं कशाला, अव्वा?"

डायपर बदलण्यापर्यंत त्यांचं सगळं आमच्या हातात गेलं होतं. ही एक गोष्ट त्यांच्या हातात उरली होती. ती काढून घ्यायला मला जमलं नाही. म्हणून तुला "थांब" म्हणाले. वाटलं, काही दिवसांनी परत विचारू.

‘का?’ हे मी विचारलंच नाही. विचारून उपयोगही नव्हता, एक आणि दोनशिवाय काही लिहिलं तरी माझा प्रोग्रॅम ते घेणारच नव्हता. रविवारच्या सुट्टीत त्यांना मोकळं लिहिता येईल अशी जागा करणार होते. कानडीत लिहू देत नाहीतर मराठीत, जमेल तसं. त्याआधीच शुक्रवारी दुसरा झटका आला, त्यातच ते गेले.

अव्वा म्हणते, तुझ्यासमोर तसं पडून राहायची त्यांना लाज वाटली. मलाही तसंच मानावंसं वाटतं. पण ऋतुजाशी लग्न केलंस तेव्हा त्यांनी तुझ्या तोंडावर दार लावलेलं मी पाहिलंय, आणि नंतरही त्यांना कधी नरम पडलेलं पाहिलेलं नाही. दोन्हीतलं खरं कुठलं, मला माहीत नाही. तुझ्यासाठी एकदा खोटं बोलून बघितलं. त्याने तुझं दुःख कमी झालं नाही, आणि तुझ्या लेखी मी तुला बापापासून तोडणारी झाले.

आता राग कुणावर धरायचा ते तू बघ. माझ्यावर धरलास तर मी सोसेन. त्यांच्यावर धरू नकोस, असं मात्र माझ्याने म्हणवत नाही.

ऋतुजाने आपलं घर अजून आतून पाहिलेलं नाही. तिला घेऊन ये. हे मी कुणालाही न विचारता लिहिते आहे.

तुला थांब म्हणालेली,
तुझी अक्का
शिवलीला