कागदखान्यातला खाना

गुरुजी, मेलेल्या माणसावर राग धरू नये, असं घरचे मला सांगतात. मी धरलाय. चांगला घट्ट धरलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो तसूभर ढिला झालेला नाही.

त्या दुष्काळात शेतात कुणालाच काम नव्हतं. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहकारी संस्थेनं हातकागदाचं काम काढलं, कारण तिथल्या विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसेना. जुनी माणसं म्हणायची कागदखाना, म्हणून सगळेच म्हणायचे कागदखाना. आई तिथं चिंध्या आणि रद्दी भिजवून लगदा करायची. 'माझी आई' या निबंधात मी पहिलंच वाक्य लिहिलं, 'माझी आई कागदखान्यात जाते.' तुम्ही वही उंच धरलीत. "कागद खाना? अगं, तुझी आई कागद खाते? शेळी आहे काय?" सगळा वर्ग फिदीफिदी हसतोय, तुम्ही सगळ्यांत जास्त. मग लाल शाईनं वाक्य खोडून म्हणालात, "हे निजामाच्या काळातलं घाण मराठी. कागदाची गिरणी म्हणायचं." त्या दिवसापासून मी दिसले की पोरं बें बें करायची.

दुसऱ्या दिवशी आई कामावरून तशीच शाळेत आली. हाताला लगदा वाळलेला. दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आमी कागदखानाच म्हनतो. माझा बाप बी तेच म्हनायचा. लेकराला कावून हसलात?" तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत. "बाई, आधी नीट बोलायला शिका, मग शाळेत या." आईनं पदर सावरला आणि गेली. त्यानंतर तो शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. शेजारणीनं विचारलं तरी "कामाला जाते" एवढंच. आमची अख्खी गल्ली कागदखाना म्हणायची, एक माझी आई सोडून.

आणि तुम्ही? साखर कारखान्याचे संचालक झालात तेव्हा 'आमचा कारखाना, आमचा कारखाना' करत गावभर मिरवलात. तिथं काय खात होता हो, गुरुजी? जाऊ द्या, ते सगळ्या गावाला माहीत हाय. शेवटचे दिवस दवाखान्यात काढलेत, तेव्हा नाही म्हणालात की मला औषधाच्या गिरणीत न्या! इतिहास शिकवताना तोफखाना म्हणताना जीभ नाही अडखळली. खाना म्हणजे जागा, घर. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मी मुळीच मानणार नाही. चांगलं ठाऊक होतं. आईच्या तोंडात होता म्हणून तेवढा एकच खाना तुम्हाला घाण वाटला.

आता ऐका. जिल्ह्यातल्या जुन्या शब्दांचा कोश निघालाय आणि त्यात मी काम केलंय. 'कागदखाना: कागद तयार करण्याची जागा.' पुढं शब्दाचा उपयोग दाखवायचा असतो. मी आधी लिहिलं होतं, 'गुरुजींना कागदखान्यात नेऊन आठवडाभर भिजत घातलं.' संपादक पोट धरून हसले आणि त्यांनी ते काढायला लावलं. मग मी घातलं, 'माझी आई कागदखान्यात जाते.' छापून आलंय, गुरुजी. आता कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. बसा बोंबलत.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या मुलांच्या दारात टाकायचा मोह झाला होता, पण त्यांनी माझं काय वाईट केलंय? तेव्हा राहील इथंच. फक्त एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. कोश घरी आला तेव्हा आईला जवळ बसवून तो शब्द मी मोठ्यानं वाचून दाखवला. आता तिला कमी ऐकू येतं. तरी दचकली, दाराकडं बघितलं आणि माझा हात दाबून म्हणाली, "हळू म्हन बाई. गुरुजी ऐकतील."

आणि मी आवाज खाली केला.