पार्कातला वन्स मोअर

प्रिय टेरेन्स,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला. सावनी म्हणाली होती, "बाबा, आधी टेरेन्सचा शो बघा, मग आमच्या लग्नाला हो की नाही ते सांगा." मी नकार ठरवूनच शॉमबर्गच्या पार्कात येऊन बसलो.

काळ्या पुरुषाला या देशात रडायची सोय नाही, असं म्हणत तू नाचता नाचता सिमेंटवर कोसळलास आणि सावकाश उठलास. मी नाटकवेड्या सांगलीचा, तोंडातून निघूनच गेलं, "वन्स मोअर!"

"बाबा, इथे असं करत नाहीत," सावनी कुजबुजली.

शेजारून तुझी आई म्हणाली, "मिस्टर, ते गुडघे मी वाढवलेत."

तू मात्र हसून पुन्हा कोसळलास. या वेळी गुडघा खरंच आपटला. मी धावत येऊन तुला काखेत हात घालून उठवलं. लोकांना तो शोचाच भाग वाटला. टाळ्या थांबेनात, तेव्हा मीही तुझ्याबरोबर वाकून नमस्कार केला.

गाडीत सावनीनं विचारलं, "सो?"

म्हटलं, "गुडघ्याला बर्फ लाव म्हणावं. लग्नात पाटावर मांडी घालून बसायचंय."

तुझा होणारा सासरा,
श्रीरंग